खोटी-खोटी बंदूक, खरं-खरं रडू

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. मोठा मुलगा तेव्हा पाच वर्षं दोन महिन्यांचा होता, धाकटीला नुकतंच तिसरं पूर्ण झालं होतं. घरात आम्ही नवरा-बायको, दोन मुलं आणि माझ्या सासूबाई. सगळं मिळून चारेक महिन्यांत घडलं. त्यातले पंधरा दिवस मी रोज रात्री वहीत टिपणं काढली होती, त्यामुळे कोण काय म्हणालं, काय केलं हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येईल. मुलांच्या खोट्या-खोट्या बंदुकांचं करायचं काय, हा प्रश्न ज्यांच्या घरात रोज उभा राहतो त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बंदी

मोठ्याच्या जन्माआधीच आमचं ठरलं होतं, घरात खेळण्यातलं शस्त्र येणार नाही. बंदूक नाही, तलवार नाही, पाण्याची पिचकारी पिस्तुलाच्या आकाराची असेल तर तीही नाही. कुणी भेट आणलीच तर आभार मानून परत. यामागे नुसता भाबडेपणा नव्हता. कॉलेजात मी अल्बर्ट बँडुरा यांचा १९६१ सालचा प्रयोग शिकले होते. स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या मुलांसमोर एक मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुलीला लाथा घालतं, लाकडी हातोडीनं बडवतं. नंतर मुलांना त्या बाहुलीपाशी सोडलं की त्यातली बरीचशी तेच करतात, तोंडचे शब्दसुद्धा तेच. माझ्या डोक्यात तेवढं पक्कं बसलं होतं. मुलं पाहतात तसं करतात, तर मग ते नजरेसमोर येऊच द्यायचं नाही.

चार वर्षांपर्यंत काही अडलं नाही. मग एके दिवशी कपाटातला हँगर बाहेर आला. हुक पुढे, त्रिकोण खांद्याला, आणि तोंडानं ठिश्क्यांव. मी हँगर काढून घेतला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याची नळी आली. ती फेकून दिली, तर ठोकळे काटकोनात जोडून झाले. ठोकळ्यांचा डबा माळ्यावर टाकला, तर तर्जनी पुढे आणि अंगठा वर. आता बोट कुठे ठेवणार माळ्यावर?

रागावण्यात मी इतकी गुंतले होते की एक गोष्ट लक्षात यायला दीड महिना गेला. तो खोटं बोलायला शिकला होता. मी खोलीत शिरले की हँगर खाली यायचा नाही, फक्त आवाज बदलायचा. ठिश्क्यांवचं घर्रर्र व्हायचं.

"काय चाललंय रे?"

"ड्रिल मशीन आहे आई. भिंतीला भोक पाडतोय."

चेहरा अगदी सरळ. एका दुपारी मी दाराआड होते आणि तो धाकटीला शिकवत होता, "आई आली की बंदूक नाही म्हणायचं. ड्रिल मशीन म्हणायचं. म्हण बघू." ती म्हणाली, "डिल मशीन." त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली.

तिथेच मला पहिल्यांदा कळलं की माझा नियम माझ्यापुरताच पाळला जातोय. मी घरात असताना बंदूक नसते, माझी पाठ वळली की असते. वाईट याचं वाटलं की त्याचा खेळ आता मला कधीच दिसणार नव्हता, आणि त्या खेळात काही चुकत असेल तर तेही दिसणार नव्हतं.

तो रविवार

संध्याकाळची वेळ. आतून धाकटीचं रडणं ऐकू आलं, हट्टाचं नाही, घाबरलेलं. मी धावले. सोफा आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ती अंग चोरून उभी, आणि हा समोर हँगर रोखून. "तू चोर आहेस. हात वर कर. वर कर म्हणतो ना!" तो हसत होता. तिला श्वास घेता येत नव्हता इतकी ती रडत होती.

मी हँगर धरला. त्यानं सोडला नाही. मी ओढला, त्यानंही ओढला. मग मी त्याचं मनगट धरून पिरगळलं आणि हँगर काढून घेतला. "आपल्या घरात कुणी कुणाला दुखवायचं नाही, किती वेळा सांगितलं तुला!" हे मी ओरडून म्हणत होते तेव्हा त्याचं मनगट अजून माझ्याच मुठीत होतं.

तो रडला नाही. मनगट वर करून त्यानं पाहिलं. तिथे माझ्या नखांच्या तीन कोरी उमटल्या होत्या. मग म्हणाला, "आई, मी खोटं-खोटं करत होतो. तू खरं-खरं केलंस."

रात्री हे मी त्याच्या बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. उठून झोपलेल्या मुलाचा हात पाहून आले. मी मनात हिशेब मांडत राहिले. गेल्या महिन्याभरात या घरात बळ वापरून कुणी कुणाला खरोखर इजा केली? एकदाच, आणि ती मी. बँडुरांच्या प्रयोगाचं मी जे शिकले होते त्यातला अर्धा भाग मी कधी लक्षातच घेतला नव्हता. त्या मुलांनी हातोडीची नक्कल केली नव्हती, मोठ्या माणसाची केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला जवळ घेतलं. "काल मी तुझा हात पिरगळला. माझं चुकलं. पुन्हा करणार नाही." तो म्हणाला, "दुखलं होतं." बस, एवढंच. त्याला आणखी काही बोलायला लावू नये असं मला वाटलं, आणि आजही वाटतं की ते बरोबर होतं.

वहीतले पंधरा दिवस

आम्ही ठरवलं, पंधरा दिवस काहीही काढून घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. त्याला तसं सांगितलंही. "बंदूक कर, तलवार कर, आम्ही हिसकावणार नाही. कुणी रडलं की मात्र खेळ थांबेल." त्याचा विश्वास बसायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी खोलीत गेले तेव्हा घर्रर्र झालं नाही.

वहीत मी प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहीत होते. हातात काय, समोर कोण, दोघांचे चेहरे कसे, आणि खेळ कसा संपला. पहिले तीन-चार दिवस मी हातातल्या वस्तूबद्दलच पानं भरली. मग हळूहळू तो रकाना ओस पडला आणि चेहऱ्यांचा भरायला लागला.

पहिली गोष्ट जी दिसली ती मला अपेक्षित नव्हती. बहुतेक वेळा तो कुणाला मारतच नव्हता. तो पहाऱ्यावर होता. मुख्य दाराशी पाठ लावून, हँगर छातीशी धरून उभा. मध्येच जाऊन पलंगाखाली वाकून बघायचा, मग परत जागेवर. एका रात्रीची नोंद अशी आहे: "झोपायच्या आधी हँगर उशाखाली ठेवला. का विचारलं. म्हणाला, तुम्ही सगळे झोपता ना."

मग आठवलं. काही आठवड्यांपूर्वी आमच्या खालच्या घरी चोरी झाली होती. आठवडाभर आम्ही मोठी माणसं तेच बोलत होतो. कुलूप कसं तोडलं, कुठून आले, घरात कोणी असतं तर काय झालं असतं. हा तिथेच जमिनीवर गाड्या खेळत असायचा. आम्हाला वाटायचं त्याचं लक्ष नाही.

कुणी म्हणेल, चोर खरा आणि बंदूक खोटी, त्यानं भीती कशी जाणार? लहान मुलांच्या मनात हे दोन्ही कसं शेजारी-शेजारी राहतं याचा एक फार सुंदर प्रयोग पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना रिकामं खोकं दाखवायचं, रिकामं आहे याची खात्री करून घ्यायची, आणि मग म्हणायचं, समज की यात एक राक्षस आहे. मुलांना तो खरा नाही हे ठाऊक असतं, विचारलं तर तसं स्पष्ट सांगतात. पण प्रयोग करणारं माणूस खोलीबाहेर निघालं की काही छोटी मुलं त्याला जाऊच देईनात. कल्पना आहे हे माहीत असतं, तरी ती अंगाला भिडते. आमच्या मुलाचा हँगर हा त्या भीतीच्याच मापाचा इलाज होता. भीती मनातली, तर बंदूकही मनातलीच.

त्याच्या बाबांनी मग एक साधी गोष्ट केली. त्याला दाराशी घेऊन गेले, कडी कशी बसते, कुलूप कसं लागतं, रात्री कोण तपासतं हे दाखवलं. "घर बंद करायचं काम माझं आहे. तू झोपलास तरी ते होतं." त्यानं तीन रात्री स्वतः तपासून पाहिलं. पहारा दहा-बारा दिवसांत विरला.

याच काळात मला एक धास्ती होती, तीही लिहून ठेवते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावी शाळेच्या बसमधून २६ मुलांचं अपहरण झालं होतं. मुलं सुटली. पुढे लेनोर टेर या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्यांचा दीर्घ अभ्यास केला, आणि त्या मुलांच्या खेळाचं जे वर्णन केलं ते अंगावर काटा आणणारं आहे. तोच खेळ, पुन्हा पुन्हा, त्याच क्रमानं, आनंद नाही आणि सुटकाही नाही. मी रोज वहीत हेच तपासत होते. गोष्ट बदलते आहे का? तो हसतो आहे का? खेळ संपल्यावर मोकळा होतो का? आमच्याकडे चोर दुसऱ्याच आठवड्यात समुद्री चाचा झाला, मग डायनासोर, मग काहीतरी अगम्य ज्याला सात पाय होते. गोष्ट बदलत राहिली तशी मी निवांत झाले. ती बदलली नसती, तो झोपेतून दचकून उठत राहिला असता, प्राण्यांना किंवा धाकटीला एकांतात दुखवत असता, तर मी वही मिटून सरळ तज्ज्ञांकडे गेले असते. त्यात घरगुती प्रयोग करत बसायचं नाही.

भीती गेली की बंदूक जाईल, असा माझा अंदाज होता. तो साफ चुकला. पहारा गेला, बंदूक राहिली. कारण आता उरला तो निव्वळ खेळ, आणि त्यात त्याला सर्वांत प्रिय काय होतं माहीत आहे? मरणं. गोळी लागली की छातीवर हात, दोन गिरक्या, गादीवर धाडकन, एक पाय वर, तो पाय सावकाश खाली. गोळी झाडायला एक क्षण लागायचा, मरायला अर्धं मिनिट. आणि मेल्यावर दहा अंक मोजेपर्यंत हलायचं नाही, हा त्यांचा नियम. एरवी शर्टाची बटणं लावेपर्यंत जो पोरगा एका जागी उभा राहत नाही तो दहा अंक श्वास रोखून पडायचा. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या व्याख्यानात खेळाबद्दल जे मांडलं ते मला इथे डोळ्यांनी दिसलं. काठीचा घोडा करणारं मूल वस्तू आणि अर्थ वेगळे करायला शिकत असतं, आणि खेळात ते स्वतःच्या तत्काळ ऊर्मीला आवरून नियम पाळतं, एरवी पाळतं त्याहून जास्त. हँगरची बंदूक होते तेव्हा हँगर महत्त्वाचा नसतोच.

तीन रडी

पंधरा दिवसांत रडण्यापर्यंत गोष्ट तीनदा गेली. प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

पहिल्यांदा धाकटी बाहुलीला झोपवत होती आणि यानं मागून येऊन ठिश्क्यांव केलं. दुसऱ्यांदा ती खेळत होती, मग कंटाळून "नको" म्हणाली, पण हा थांबला नाही. तिसऱ्यांदा सलग पाच वेळा तिलाच चोर केलं होतं. तिन्ही वेळा हातातली वस्तू वेगळी. एकदा हँगर, एकदा बोट, एकदा काहीच नाही, नुसता आवाज. तिन्ही वेळा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि तिच्या नव्हतं. आणि याच पंधरवड्यात असेही कितीतरी खेळ झाले ज्यात तिनं त्याला दहादा ठार केलं, तोही ठार झाला, आणि दोघं हसत एकमेकांच्या अंगावर लोळत राहिले.

ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात दोन लहान माकडं खेळताना पाहिली. ती लढल्यासारखं करत होती, पण लढत नव्हती, आणि बघणाऱ्या माणसालाही ते कळत होतं, एकमेकांना तर कळतच होतं. त्यावरून त्यानं मांडलं की खेळणारे एकमेकांना सतत खूण देत असतात, "हा खेळ आहे". लुटुपुटीचा चावा हा चाव्याची आठवण देतो, पण चाव्याचा अर्थ त्यात नसतो. आमच्या भाषेत या खुणेला केवढा नेमका शब्द आहे. खोटं-खोटं. पण खूण एकानं देऊन भागत नाही, दुसऱ्यानं ती घ्यावी लागते. मुलाच्या दृष्टीनं त्या रविवारी सगळं खोटं-खोटं होतं. धाकटीच्या दृष्टीनं, भिंतीला चिकटून, ते खरं-खरं होतं. दोघंही खरंच सांगत होती.

अँथनी पेलेग्रिनी यांनी शाळांच्या मैदानांवर मुलांच्या दंगामस्तीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. खेळातली मारामारी आणि खरी मारामारी ओळखायच्या त्यांच्या खुणा फार उपयोगी आहेत. खेळात चेहरा मोकळा असतो, मूठ क्वचितच वळलेली असते, बलवान मूल मुद्दाम जोर कमी लावतं, भूमिका आलटून पालटून होतात, आणि खेळ संपल्यावर मुलं एकत्रच राहतात. खऱ्या भांडणानंतर ती पांगतात. मी वही चाळली. तिन्ही रड्यांमध्ये शेवटचा रकाना एकच होता: धाकटी उठून आजीकडे गेली.

शस्त्रांच्या खेळानं मुलं आक्रमक होतात का, याचं उत्तर मी शोधलं आणि ते एका बाजूचं निघालं नाही. वॉटसन आणि पेंग यांनी १९९२ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा एक छोटा अभ्यास केला होता. त्यात खेळण्यातल्या बंदुकांशी जास्त खेळणाऱ्या मुलांत खरा आक्रमकपणा जास्त आढळला. हे मला लपवायचं नाही. पण त्याच अभ्यासात घरात मिळणाऱ्या माराचाही खऱ्या आक्रमकपणाशी संबंध दिसला. उलट, फेर आणि रस यांच्या २०१३ च्या अभ्यासात कल्पनेच्या खेळात आक्रमक गोष्टी रचणारी बालवाडीतली मुलं वर्गात कमी आक्रमक दिसली. असे अभ्यास दोन गोष्टी सोबत असतात एवढंच दाखवतात, कशामुळे काय होतं ते नाही. मी स्वतः माराच्या उल्लेखापाशी बराच वेळ थांबले. मनगटावरच्या तीन कोरी आठवल्या.

नवे नियम

आम्ही मुलांना बसवून सांगितलं की बंदुकीवरची बंदी उठली, पण माणसांबद्दलचे नियम कडक आहेत. जो खेळात नाही त्याच्यावर रोखायचं नाही, आधी "खेळतेस?" असं विचारायचं. टाइमप्लीज म्हटलं की गोळी हवेतच थांबते, कुणीही म्हटलं तरी, धाकटीनं म्हटलं तरी. चेहऱ्याच्या दिशेनं काहीही फेकायचं नाही, कारण डोळ्याची इजा खोटी-खोटी नसते. टोकदार वस्तू खेळात नाही. आणि राज्य फिरतं राहतं, एकालाच सारखं चोर करायचं नाही.

शब्द त्यांच्याच खेळातले घेतले म्हणून पटकन रुजले. "दुसऱ्याच्या भावनांचा आदर कर" हे वाक्य मी त्याला वर्षभर ऐकवलं होतं, त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. "ती खेळात नाहीये" हे त्याला एका दमात कळलं. कारण रडीचा डाव कुणालाच आवडत नाही.

धाकटीला आम्ही आधी कच्चं लिंबू केलं, म्हणजे तिला गोळी लागली तरी ती मरणार नाही. चार दिवसांनी तिनंच ते नाकारलं. "मला पण मरायचंय." तिला त्या दोन गिरक्या हव्या होत्या. त्यानंतर ती अशी काही मरायची की तो बंदूक टाकून बघत बसायचा.

बाबा जमिनीवर उतरले, हा सर्वांत मोठा फरक. मोठं माणूस खेळात असलं की गोष्ट पुढे सरकते. नुसतं ठिश्क्यांव-ठिश्क्यांव कंटाळवाणं व्हायला लागलं की ते विचारायचे, "चाचा आहे, पण त्याचं जहाज कुठे आहे? जखमी झाला, आता डॉक्टर कोण?" एका तासात गादीचं जहाज, मग दवाखाना, आणि हँगर सलाइन अडकवायला. मी सुरुवातीला लांबून बघायचे. मला ते जमायला वेळ लागला, आवाज ऐकला तरी पोटात गोळा यायचा. तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा मेले. मुलगा इतका खूश झाला की त्यानं मला लगेच जिवंत केलं.

काकांची भेट

बंदी उठल्याचं कळल्यावर धाकट्या दिरांनी एक पिस्तूल आणलं. काळं, वजनदार, अगदी खरोखरच्यासारखं. मी ते बाजूला ठेवलं.

"वहिनी, आता तर परवानगी दिलीत ना? हँगर चालतो आणि हे नाही?"

"हँगर चालतो कारण तो हँगर दिसतो, भावजी."

त्यांना ते पटायला थोडं समजवावं लागलं. हँगरचं दुपारी जहाजाचं सुकाणू होतं, या पिस्तुलाचं पिस्तूलच राहणार. खेळण्यानंच सगळं ठरवून दिलं की मुलाच्या कल्पनेला करायला काही उरत नाही. पण माझं खरं कारण त्याहून गंभीर होतं. २००१ साली अमेरिकेतल्या अटलांटामध्ये ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांवर एक निरीक्षण झालं. खोलीतल्या ड्रॉवरांत पाण्याची पिस्तुलं आणि एक खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल ठेवलं होतं. २९ गटांपैकी २१ गटांना खरं सापडलं. १६ गटांनी ते हाताळलं, आणि १० गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. ज्यांना ते सापडलं त्यांतल्या जवळपास निम्म्या मुलांना ते खेळणं वाटलं किंवा खात्री नव्हती. आणि हाताळणाऱ्यांतल्या बहुतेकांना आधी कधीतरी "बंदुकीला हात लावू नये" हे शिकवलेलं होतं. अमेरिकेनं १९८८ च्या कायद्यानं खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला नारिंगी खूण सक्तीची केली ती याच घोळासाठी, खऱ्या-खोट्याची गफलत होऊ नये म्हणून. खरं आणि खोटं यांच्यातली रेघ मुलाला ओळखता यावी म्हणून मी एवढी धडपड करत होते, आणि हे खेळणं नेमकी तीच रेघ पुसत होतं.

मुलाला एक वेगळा नियम दिला, जो खेळाचा नाही. खरी असेल किंवा खरी वाटली तरी हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्यांना सांगायचं. दिरांनी पिस्तूल परत नेलं आणि पुढच्या खेपेला दोन मोठी रिकामी खोकी आणली. ती मुलांनी महिनाभर वापरली.

जे अजून अडतं

झोपायच्या आधी हा खेळ चालत नाही. ते आम्ही दोन-तीनदा करून पाहिलं, दोघंही इतकी चेकाळतात की टाइमप्लीज ऐकूच येत नाही. आता रात्रीच्या जेवणानंतर हँगर कपाटात.

एका मित्राच्या आईला हा खेळ अजिबात चालत नाही. तिच्या घरी माणसांनी बंदूक खरोखर पाहिलेली आहे, आणि तिनं मला ते एकदाच, थोडक्यात सांगितलं. मी तिच्याशी वाद घातला नाही, कुणी घालूही नये. तिचा मुलगा आमच्याकडे असतो तेव्हा बंदुका बंद. आमच्या मोठ्या मुलानं विचारलं, का? मी म्हटलं, "तो खेळात नाही." त्याला तेवढं कारण पुरलं.

आणि सासूबाई. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून ठाम होतं. "अगं, मुलं खेळू देत, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या अंगावर कुणी काठीसुद्धा रोखलेली मला सहन होत नाही. माझ्यावर नको." मला आधी वाटलं, त्यांना समजवावं, हा नुसता खेळ आहे, संशोधन असं असं सांगतं. मग लक्षात आलं की नियम तर आम्हीच केलाय. मी मुलाला एवढंच सांगितलं की आजी या खेळात नाही, कधीच नसेल, आणि कारण विचारायची गरज नाही.

परवाची गोष्ट. दोघं चाचा-चाचा करत घरभर धावत होती. आजी खिडकीशी वाचत बसली होती. तो धावतच तिथवर आला, हँगर तसाच रोखलेला, मागून धाकटी "पकला, पकला" ओरडत. आजीच्या खुर्चीपाशी येताच त्यानं हँगर खाली केला, पायाशी लावून धरला, खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेला, आणि दारातून बाहेर पडल्यावर पुन्हा वर उचलला. आजीनं पान उलटलं.